एडवर्ड व्हिक्टर ॲपलटन

सर एडवर्ड व्हिक्टर ॲपलटन (६ सप्टेंबर, १८९२: ब्रॅडफर्ड, यॉर्कशायर, इंग्लंड – २१ एप्रिल, १९६५: एडिनबरा, स्कॉटलंड) हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ होते. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्‌भारित कणांचे थर आहेत, हे त्यांनी रेडिओ तरंगांच्या साहाय्याने प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवले आणि त्या थरांची उंची मोजली. वातावरणाच्या या भागाला आयनांबर म्हणतात. वरच्या वातावरणाच्या भौतिकीतील संशोधनासाठी, विशेषतः ॲपलटन थर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थराच्या शोधासाठी, त्यांना १९४७ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जमिनीवरून तरंग सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून दूरच्या वस्तूचे अंतर ठरवण्याची त्यांची रीत पुढे रडारच्या उभारणीला उपयोगी पडली. युद्धानंतर तेच रडार कित्येक पटींनी शक्तिशाली होऊन आयनांबराच्या अभ्यासाकडे परत आले.

बालपण आणि शिक्षण

ॲपलटन यांचा जन्म ब्रॅडफर्ड या लोकरीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात झाला. वडील पीटर ॲपलटन गोदामात नोकरीला होते. आईचे नाव मेरी. घरची परिस्थिती बेताची होती, त्यामुळे पुढचे सारे शिक्षण शिष्यवृत्त्यांवर अवलंबून राहिले. हॅन्सन शाळेत शिकत असताना सोळाव्या वर्षी ते लंडन विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाले. अठराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले. १९१४ मध्ये त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी पहिल्या वर्गात मिळवली आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांच्या मार्गदर्शनाखाली स्फटिकांच्या संशोधनाला आरंभ केला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हे काम थांबले.

युद्धात ते आधी वेस्ट रायडिंग पलटणीत आणि नंतर रॉयल इंजिनिअर्स या दलात होते. तेथे त्यांच्याकडे बिनतारी संदेशवहनाचे काम आले. रेडिओची निर्वात नळी त्या काळी नवी होती. ती कशी चालते याचे कुतूहल त्यांना तेथेच लागले आणि स्फटिकांचा विषय मागे पडला. १९१५ मध्ये त्यांचा जेसी लाँगसन यांच्याशी विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

युद्ध संपल्यावर ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत परतले. १९१९ मध्ये जे. जे. थॉमसन यांच्याकडून या प्रयोगशाळेची सूत्रे अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्याकडे आली होती आणि तेथील बहुतेक तरुण अणुकेंद्राच्या मागे लागले होते. ॲपलटन मात्र रेडिओच्या नळ्यांतच रमले. डच शास्त्रज्ञ बाल्थाझार व्हान डर पोल यांच्याबरोबर त्यांनी नळ्यांमधील आंदोलनांवर काम केले. प्रयोगशाळेच्या मुख्य प्रवाहाबाहेरचा विषय धरून ठेवण्याचा हा निर्णय पुढे फलदायी ठरला.

आकाशातील आरशाचा प्रश्न

१९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओ संदेश पोहोचवला. रेडिओ तरंग प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात, तर पृथ्वी गोल आहे. मग तरंग समुद्राच्या फुगवट्याला वळसा घालून पलीकडे कसे पोहोचले? १९०२ मध्ये अमेरिकेत आर्थर केनेली आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे एकच तर्क मांडला. उंच वातावरणात विजेचा वाहक असा एखादा थर असावा आणि त्यावरून तरंग खाली परावर्तित होत असावेत, असा तो तर्क होता. वीस वर्षांहून अधिक काळ तो तर्कच राहिला. पृथ्वीच्या वक्रतेभोवती तरंग केवळ वळून इतके दूर पोहोचू शकत नाहीत, हे गणिताने दाखवता आले होते. पण त्या थराला कोणी स्पर्श केलेला नव्हता. फुगे तितक्या उंचीवर जाऊ शकत नव्हते आणि अग्निबाण अजून यायचे होते.

१९२२ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीचे प्रसारण सुरू झाले. लंडन केंद्राचे प्रक्षेपण केंब्रिजला ऐकताना ॲपलटन यांच्या लक्षात आले, की दिवसा संकेत स्थिर असतो, तर रात्री तो वाढतो, विरतो आणि पुन्हा वाढतो. श्रोत्यांना हा केवळ त्रास वाटत असे. ॲपलटन यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. ग्राहकयंत्राकडे दोन वाटांनी तरंग येत असावेत: एक जमिनीलगत सरळ आणि दुसरा वरच्या थरावरून परावर्तित होऊन. दोघांच्या लाटा एकमेकींत मिळाल्या की संकेत वाढेल, विरुद्ध पडल्या की विरेल. प्रकाशशास्त्रात यालाच व्यतिकरण म्हणतात. मग हे चढउतार निसर्गावर न सोडता स्वतःच घडवून आणले आणि मोजले, तर दोन वाटांच्या लांबीतील फरक काढता येईल आणि त्यावरून थराची उंचीही.

११ डिसेंबर १९२४ चा प्रयोग

१९२४ मध्ये ॲपलटन लंडनच्या किंग्ज महाविद्यालयात व्हीटस्टोन अध्यासनाचे प्राध्यापक झाले. तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी आपला विद्यार्थी माइल्स बार्नेट याच्यासह हा प्रयोग केला. न्यूझीलंडहून आलेले बार्नेट पुढे त्या देशाच्या हवामान खात्याचे संचालक झाले.

स्वतःचे शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र ॲपलटन यांच्याजवळ नव्हते, म्हणून त्यांनी बीबीसीचे बोर्नमथ येथील केंद्र मागून घेतले. रात्रीचे कार्यक्रम संपल्यावर ते प्रयोगासाठी मोकळे होत असे. ग्राहकयंत्र सुमारे १२० किलोमीटरवर ऑक्सफर्ड येथे ठेवले होते. केंद्राची तरंगलांबी सुमारे ३८५ मीटर होती. ती सावकाश, एका लयीत, दहाएक मीटरने बदलायची आणि तेवढ्या वेळात ऑक्सफर्डला संकेत किती वेळा वाढतो आणि विरतो ते मोजायचे, अशी योजना होती.

यामागचे गणित साधे आहे. वरून येणारी वाट जमिनीवरच्या वाटेपेक्षा ९५ किलोमीटरने लांब आहे असे समजू. ३८५ मीटरच्या लाटा या जादा अंतरात सुमारे २४७ मावतात, तर ३९५ मीटरच्या सुमारे २४१. म्हणजे तरंगलांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली की सहा चढउतार दिसायला हवेत. उलट, चढउतारांच्या संख्येवरून जादा अंतर काढता येते आणि मग भूमितीने उंची. दोन्ही वाटांचा तरंग एकच असल्यामुळे घड्याळाचीही गरज उरत नाही. एका मोजक्या साधनांच्या प्राध्यापकाला परवडणारी ही युक्ती होती.

चढउतार अपेक्षेप्रमाणे आले. उंची ९० ते १०० किलोमीटरच्या आसपास निघाली. पुढे दोन प्रकारच्या ॲन्टेनांवर संकेताची तुलना करून, दुसरा तरंग बाजूने नव्हे तर खरोखर वरून खाली येतो, हेही त्यांनी पडताळले. १९२५ मध्ये हे निष्कर्ष नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तर्कातला थर आता मोजपट्टीच्या टप्प्यात आला होता.

दुसरा थर आणि थरांची नावे

या थरातील इलेक्ट्रॉन सूर्याच्या किरणांमुळे सुटे होतात आणि रात्री पुन्हा आयनांना मिळत जातात. त्यामुळे पहाटेपूर्वी थर सर्वांत क्षीण असतो. १९२६-२७ च्या हिवाळ्यात अशाच वेळी प्रयोग करताना ॲपलटन यांना आढळले, की खालचा थर तरंगांना अडवू शकत नाही आणि तरीही ते परत येतात, मात्र सुमारे २३० किलोमीटर उंचीवरून. खालच्या थराच्या वर आणखी एक, अधिक दाट थर होता. हाच पुढे ॲपलटन थर म्हणून ओळखला गेला. लघुलहरींवरून हजारो किलोमीटर दूर चालणारे रेडिओ संदेशवहन मुख्यतः याच थराच्या आधाराने चालते.

थरांच्या नावांमागची हकिकत साधी आहे. आकडेमोड करताना ॲपलटन खालच्या थरावरून आलेल्या तरंगाच्या विद्युत् क्षेत्रासाठी ई हे अक्षर वापरत. वरचा थर सापडल्यावर त्याला ओघाने एफ हे अक्षर मिळाले. खाली आणखी थर सापडले तर असू द्यावी म्हणून आधीची अक्षरे त्यांनी मोकळी ठेवली आणि खरोखरच पुढे डी थर निश्चित झाला. आयनांबराला इंग्रजीत जे नाव रूढ झाले, ते मात्र रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी १९२६ मध्ये सुचवलेले आहे.

२९ जून १९२७ रोजी उत्तर इंग्लंडमधून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ग्रहणाच्या काळात खालच्या थराची परावर्तनाची उंची वाढल्याचे ॲपलटन यांच्या मोजणीत दिसले. चंद्राची सावली पडताच थर रात्रीसारखा वागू लागला होता. थराचे मूळ सूर्यकिरणांत आहे, याचा हा थेट पुरावा होता. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

समीकरण आणि श्रेयाचा प्रश्न

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमधून रेडिओ तरंग जातो तेव्हा तो दोन भागांत फुटतो. दोन्ही भागांचा वेग आणि ध्रुवण वेगळे असते, म्हणून एकाच संकेताचे दोन प्रतिध्वनी येतात. ॲपलटन आणि जेफ्री बिल्डर यांनी ते प्रयोगात स्पष्ट वेगळे करून दाखवले. परावर्तन जड आयनांमुळे नव्हे, तर हलक्या इलेक्ट्रॉनांमुळे होते, हे त्यावरून सिद्ध झाले. या वर्तनाचे गणित ॲपलटन-हार्ट्री समीकरण म्हणून पाठ्यपुस्तकांत आहे. ॲपलटन यांनी ते १९२७ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत मांडले आणि १९३२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. डग्लस हार्ट्री यांनी त्यात एका पदाची भर सुचवली होती.

या जोडनावात तिसरे एक नाव राहून गेले आहे. १९२५-२६ मध्ये विल्हेल्म आल्टार हे तरुण ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ लंडनमध्ये ॲपलटन यांच्याबरोबर काम करत होते. या समीकरणाच्या मांडणीचा मोठा भाग आल्टार यांनी तेव्हाच केला होता, हे विज्ञानेतिहासकार स्ट्युअर्ट गिल्मोर यांनी जुनी कागदपत्रे तपासून १९८२ मध्ये दाखवून दिले. प्रसिद्ध झालेल्या लेखांत आल्टार यांचे नाव आले नाही. जर्मनीत हान्स लासेन यांनीही १९२७ मध्येच जवळजवळ हाच सिद्धान्त मांडला होता. ॲपलटन यांची प्रश्न ओळखण्याची आणि तो प्रयोगापर्यंत नेण्याची दृष्टी यामुळे कमी ठरत नाही, पण समीकरणावर त्यांचा एकट्याचा हक्कही राहत नाही.

स्पंदांची पद्धत आणि ट्रॉम्सो मोहीम

ॲपलटन यांचा प्रयोग झाल्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेत ग्रेगरी ब्राइट आणि मर्ल ट्यूव्ह यांनी वेगळी पद्धत वापरली. सलग तरंगाऐवजी त्यांनी अगदी आखूड स्पंद वर सोडले आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागतो ते मोजले. १०० किलोमीटर वर जाऊन परत यायला तरंगाला सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग लागतो. विहिरीत खडा टाकून आवाज येईपर्यंतच्या वेळावरून खोली ठरवावी, तसाच हा प्रकार आहे. एकाच वेळी अनेक थरांचे प्रतिध्वनी वेगवेगळे दिसणे ही या पद्धतीची मोठी सोय होती. १९३० च्या दशकाच्या आरंभी ॲपलटन यांनीही आपली पद्धत सोडून हीच स्वीकारली.

या पद्धतीने उंचीबरोबर घनताही मोजता येऊ लागली. कंप्रता वाढवत नेली की एका मर्यादेनंतर तरंग थरातून आरपार जातो आणि प्रतिध्वनी बंद होतो. या क्रांतिक कंप्रतेवरून थरातील इलेक्ट्रॉनांची कमाल घनता थेट निघते. कंप्रता दुप्पट म्हणजे घनता चौपट, असा तो हिशेब आहे. दर घनमीटरला एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असले, तर क्रांतिक कंप्रता सुमारे ९ मेगाहर्ट्‌झ येते. ॲपलटन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्मिथ यांनी लंडनजवळील स्लाव येथील केंद्रात अशा नोंदी नियमाने ठेवायला सुरुवात केली. त्यांतून दिवस-रात्र, ऋतू आणि सौरडागांचे अकरा वर्षांचे चक्र यांचा आयनांबरावर पडणारा प्रभाव स्पष्ट होत गेला.

दुसऱ्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात, १९३२-३३ मध्ये, ॲपलटन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश रेडिओ मोहीम उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे गेली. हे गाव ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात येते. चुंबकीय वादळाच्या वेळी तेथे प्रतिध्वनी क्षीण होत आणि पुष्कळदा पूर्णपणे नाहीसे होत. सूर्याकडून आलेले कण खालच्या वातावरणात इतके आयनीभवन घडवतात, की तरंग वर पोहोचण्यापूर्वीच शोषले जातात. जेथे आयनांबर सर्वांत अशांत असते, नेमके तेथेच ते मोजणाऱ्याच्या हाताबाहेर जाते, ही अडचण मोहिमेने नोंदवली. या पद्धतीच्या मर्यादा त्यातून उघड झाल्या.

रडार

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी वॉटसन-वॉट आणि आर्नल्ड विल्किन्स यांनी इंग्लंडमधील डॅव्हेंट्री येथे विमानाचा वेध घेण्याचा प्रयोग केला. प्रक्षेपक पुन्हा बीबीसीचाच होता. केंद्राकडून सरळ येणारा तरंग आणि हेफर्ड जातीच्या विमानावरून परावर्तित होऊन येणारा तरंग यांचा मेळ पडद्यावर पाहिला गेला. सुमारे १३ किलोमीटरपर्यंत विमान टिपता आले. दहा वर्षांपूर्वी बोर्नमथच्या केंद्रावरून वापरलेले तत्त्व आकाशातील थराऐवजी विमानाला लावल्यासारखे हे होते. वॉटसन-वॉट स्लावच्या रेडिओ संशोधन केंद्राचे प्रमुख होते आणि आयनांबराच्या प्रतिध्वनींचा अनुभव त्यांच्या चमूला होताच. प्रत्यक्ष यंत्रणा उभारताना ब्राइट आणि ट्यूव्ह यांची स्पंद पद्धत कामी आली.

रडारचा जनक कोण, यावर ब्रिटनमध्ये पुढे बराच काळ वाद झाला. ॲपलटन यांनी विमान शोधणारे यंत्र बनवले नव्हते. परंतु रेडिओ प्रतिध्वनीने अंतर मोजता येते, हे दाखवणारा आणि त्यासाठी लागणारी माणसे व उपकरणे घडवणारा अभ्यास त्यांचाच होता. जर्मनी, अमेरिका आणि इतर देशांतही रडार जवळपास त्याच काळात तयार झाले, हे लक्षात घेता एकच जनक शोधण्याचा आग्रह फारसा टिकत नाही.

युद्धकाळ आणि प्रशासन

१९३६ मध्ये ॲपलटन केंब्रिजला जॅक्सोनियन प्राध्यापक म्हणून परतले. सी. टी. आर. विल्सन यांच्यानंतर हे पद त्यांच्याकडे आले. तेथे ते तीनच वर्षे राहिले. १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाचे सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि दहा वर्षे त्यांनी हे काम पाहिले. ट्यूब अलॉइज या सांकेतिक नावाने चालणारे ब्रिटनचे अणुबाँबविषयक संशोधनही या विभागाच्या छत्राखाली होते. १९४१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

प्रशासनात असतानाही त्यांचे संशोधन सुटले नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या रडारांवर मोठा गोंगाट येऊ लागला. शत्रू रडार बुजवत आहे, अशी शंका होती. तो गोंगाट सूर्याकडून, एका मोठ्या सौरडागाच्या दिशेने येत असल्याचे लष्करी शास्त्रज्ञ जे. एस. हे यांनी ओळखले. ही गोष्ट युद्ध संपेपर्यंत गुप्त राहिली. सूर्याच्या रेडिओ उत्सर्जनावर ॲपलटन यांचे टिपण १९४५ मध्ये छापले गेले, तर हे यांचे १९४६ मध्ये. मूळ शोध हे यांचा आणि आधीचे टिपण विभागप्रमुखाचे, असा हा क्रम होता. नंतर दोघांनी मिळूनही या विषयावर लिहिले.

विषुववृत्तीय विसंगती आणि भारत

युद्धकाळात लष्करी संदेशवहनासाठी जगभर आयनांबराच्या नोंदी होऊ लागल्या. त्या एकत्र पाहताना ॲपलटन यांना एक विचित्र गोष्ट दिसली. सूर्य जेथे डोक्यावर असतो त्या विषुववृत्तावर दुपारी इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त असायला हवेत. प्रत्यक्षात चुंबकीय विषुववृत्तावर घनता कमी होती आणि त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस सुमारे पंधरा अंशांवर ती सर्वांत जास्त होती. १९४६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. ही विसंगती आज ॲपलटन विसंगती म्हणूनही ओळखली जाते.

तिच्या उलगड्याला एक भारतीय दुवा आहे. कोलकात्याचे शिशिरकुमार मित्र यांनी १९४६ मध्येच सुचवले, की विषुववृत्तावर फार उंच असलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांवरून दोन्ही बाजूंना खाली घसरत असावेत. ते इतक्या उंच जातात कसे, याचे उत्तर डेव्हिड मार्टिन यांच्या विचारांतून मिळाले. दिवसा तेथे पूर्व-पश्चिम विद्युत् क्षेत्र असते आणि चुंबकीय क्षेत्र आडवे असते. या दोहोंमुळे आयनद्रव्य वर उचलले जाते आणि मग कारंज्याच्या पाण्यासारखे दोन्हीकडे पडते.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ मध्ये थुंबा येथे अग्निबाण केंद्र उभारण्यामागे हेच कारण होते. या कारंज्याचे उत्तरेकडील शिखर अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यात येते आणि महाराष्ट्र या शिखराच्या व विषुववृत्तावरील दरीच्या मधल्या उतारावर आहे. रायगड जिल्ह्यातील अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असल्यामुळे कुलाब्याचे सूक्ष्म मोजमाप तेथे न्यावे लागले होते. विषुववृत्तावरील विद्युत् प्रवाहाची तीव्रता काढण्यासाठी आजही दक्षिणेकडील तिरुनेलवेली येथील नोंदींतून अलिबागच्या नोंदी वजा करण्याची रीत आहे. विमानांना उपग्रहांवरून अचूक स्थान सांगणाऱ्या गगन या भारतीय प्रणालीलाही या विसंगतीमुळे संकेतांना होणारा विलंब सतत दुरुस्त करावा लागतो.

नोबेल, एडिनबरा आणि अखेर

१९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ॲपलटन शासकीय सेवेतच होते. १९४९ मध्ये ते एडिनबरा विद्यापीठाचे प्राचार्य आणि कुलगुरू झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. वरच्या वातावरणाच्या भौतिकीला वाहिलेले नियतकालिक त्यांनी १९५० मध्ये सुरू केले. आंतरराष्ट्रीय रेडिओ विज्ञान संघाचे अध्यक्षपद १९३४ पासून १९५२ पर्यंत त्यांच्याकडे होते. १९५६ मध्ये त्यांनी बीबीसीवर विज्ञान आणि राष्ट्र या विषयावर रीथ व्याख्याने दिली. एडिनबरात त्यांच्या कारकिर्दीवर टीकाही झाली. विद्यापीठाच्या विस्तारासाठी जॉर्ज चौकातील अठराव्या शतकातील घरे पाडण्याची योजना नागरिकांना रुचली नाही. त्यांच्या नावाचा ॲपलटन मनोरा याच विस्ताराचा भाग आहे.

१९६४ मध्ये पत्नी जेसी यांचे निधन झाले. १९६५ च्या वसंतात त्यांनी आपल्या सचिव हेलन ॲलिसन यांच्याशी विवाह केला. त्यानंतर महिनाभरातच, २१ एप्रिल रोजी, त्यांचे एडिनबरा येथे निधन झाले. मॉर्निंगसाइड येथील दफनभूमीत त्यांचे दफन झाले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे. स्लावजवळील केंद्राला १९७० च्या दशकात ॲपलटन प्रयोगशाळा हे नाव मिळाले आणि पुढे ती रदरफोर्ड प्रयोगशाळेत विलीन होऊन रदरफोर्ड ॲपलटन प्रयोगशाळा झाली. केंब्रिजमध्ये ज्यांच्या विषयापासून ते दूर राहिले, त्यांच्याच नावाशी त्यांचे नाव असे जोडले गेले.

शक्तिशाली रडारांचा काळ

ॲपलटन यांच्या पद्धतीला एक मूलभूत मर्यादा होती. आरशावरून प्रतिध्वनी येतो, पण आरशामागचे काही दिसत नाही. एफ थरातील घनतेच्या शिखरापलीकडे, म्हणजे साधारण ३०० किलोमीटरच्या वर, जमिनीवरून मोजणी होत नव्हती. आयनांबराचा अर्ध्याहून अधिक भाग त्यामुळे अदृश्यच होता. कंप्रता वाढवली तर तरंग निसटून अवकाशात जात असे.

१९५८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे विल्यम गॉर्डन यांनी निसटणाऱ्या याच तरंगाचा उपयोग करायचे ठरवले. थर आरसा नसला तरी त्यातील प्रत्येक सुटा इलेक्ट्रॉन तरंगाचा अत्यल्प अंश विखुरतो. हे प्रमाण किती, ते जे. जे. थॉमसन यांनी पूर्वीच काढून ठेवले होते. दहा किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा घनात, दर घनमीटरला एक लाख कोटी या हिशेबाने जेवढे इलेक्ट्रॉन असतील, त्या सर्वांचे मिळून परावर्तक क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. शेकडो किलोमीटरवर असलेल्या नखाएवढ्या वस्तूचा प्रतिध्वनी ऐकण्यासाठी मेगावॉटमध्ये मोजावी लागणारी शक्ती आणि प्रचंड ॲन्टेना आवश्यक होती. त्याच वर्षी केनेथ बोल्स यांनी इलिनॉय येथे साध्या ॲन्टेनांच्या जाळ्यावर हा प्रतिध्वनी प्रत्यक्ष पकडला. त्याची कंप्रतेतील पसरण गॉर्डन यांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी होती, कारण इलेक्ट्रॉनांच्या हालचालीवर जड आयनांचा लगाम असतो. त्यामुळे संकेत कमी कंप्रतांत एकवटतो आणि ऐकायला सोपा जातो. म्हणजे पोर्तो रिकोतील अरेसिबो येथे १९६३ मध्ये सुरू झालेली ३०५ मीटर व्यासाची तबकडी या कामासाठी गरजेपेक्षा मोठीच बांधली गेली होती. खगोलशास्त्राला या जादा मापाचा पुढे फार लाभ झाला. १९६२ च्या सुमारास पेरूमध्ये लिमाजवळ, चुंबकीय विषुववृत्तावर, हिकामार्का येथेही हजारो ॲन्टेनांचे रडार उभे राहिले होते.

आयनांच्या या लगामामुळे प्रतिध्वनीच्या पसरणीवरून घनतेबरोबरच इलेक्ट्रॉन आणि आयनांचे तापमान, तसेच त्यांचा वेगही मोजता येतो. ॲपलटन यांच्या कारंज्यातील वर जाणारा प्रवाह हिकामार्का येथील रडारने प्रत्यक्ष मोजला. भारतात आंध्र प्रदेशातील गदंकी येथे ५३ मेगाहर्ट्‌झवर चालणारे, १,०२४ ॲन्टेनांचे रडार आहे. ते मुख्यतः खालच्या व मधल्या वातावरणातील खळबळीवरून येणारे प्रतिध्वनी टिपते, त्यामुळे त्याचे तत्त्व वेगळे आहे.

१९७५ मध्ये ब्रिटनसह सहा युरोपीय देशांनी एकत्र येऊन उत्तर स्कँडिनेव्हियात असे शक्तिशाली रडार उभारण्यासाठी आयस्कॅट ही संस्था स्थापन केली. त्याचा प्रक्षेपक ट्रॉम्सोजवळ बसवण्यात आला, तर ग्राहक केंद्रे स्वीडनमधील किरूना आणि फिनलंडमधील सोडानक्यूला येथे होती. १९८१ मध्ये ते कार्यरत झाले. त्याची कंप्रता इतकी उच्च आहे, की ध्रुवीय प्रकाशाच्या रात्री खालच्या वातावरणात होणारे शोषण त्याला अडवू शकत नाही.